पलंगाला लावायचा पाळणा घ्यायचाय: माहेरी उंच पलंग, पुण्यात बॉक्सचा बेड

रानजाई | ४ मार्च, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पहिलटकरीण आहे, तेहतिसावा आठवडा लागलाय. तारीख एप्रिलच्या चौथ्या आठवड्यातली दिली आहे. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी असतं, म्हणून महिनाअखेरीला सांगलीला जाईन आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की पुण्याला परत येईन.

डॉक्टरांनी सांगितलंय, बाळ तुमच्याच खोलीत झोपवा, पण तुमच्या गादीवर नको. म्हणून मोठ्यांच्या पलंगाला खेटून लावायचा, एक बाजू खाली होणारा पाळणा, म्हणजे बेडसाइड क्रिब घ्यायचं चाललंय. रात्री पडल्या पडल्या बाळ जवळ घेता येईल आणि सिझेरियन झालंच तर टाक्यांवर ताण येणार नाही.

दुकानात जाऊन चार-पाच क्रिब बघितली. विक्रेता जाळी दाखवतो, चाकं दाखवतो, झुलवून दाखवतो, वर छोटी उशी आणि चारी बाजूंनी लावायच्या मऊ गुबगुबीत पट्ट्या देतो. सुरक्षित कशावरून, असं विचारलं की "मॅडम, सगळे हेच नेतात."

माझी खरी अडचण पलंगांची आहे. सांगलीचा पलंग आजोबांच्या वेळचा, सागवानी, चांगलाच उंच. पुण्याचा हायड्रॉलिक बॉक्सचा, जमिनीला टेकलेला. दोन्हीकडे एकच क्रिब चालेल का? शिवाय आई म्हणते, घरात पाळणा असताना नवा कशाला? त्या पाळण्यात काका, आत्या, मी, धाकटा भाऊ सगळे झोपलो आहोत. तिने आत्ताच राईची उशीही शिवून ठेवली आहे. तिचं मन मोडायचं नाहीये, पण उगाच धोकाही पत्करायचा नाहीये.

सिस्टरमावशी | ५ मार्च, सकाळी ७:१५

रानजाई, मी एकतीस वर्षं नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काम केलं, आता नाशिकला निवृत्त आहे. पाळणा कुठला ते नंतर बघू, आधी पाळण्यात काय असणार ते पक्कं कर. बाळ, आणि टणक गादीवर घट्ट बसवलेली एक चादर. तिसरी वस्तू नाही. उशी, लोड, पांघरूण, मऊ खेळणी, दुकानदाराने दिलेल्या त्या गुबगुबीत पट्ट्या, सगळं बाहेर. नवजात बाळाचं तोंड मऊ वस्तूत रुतलं तर मान वळवून सुटका करून घ्यायची ताकद त्याच्यात नसते. आवाजही होत नाही, हे मी पालकांना दरवेळी सांगायची. आई शेजारी जागी असली तरी तिला कळत नाही.

बाळ पाठीवर झोपवायचं. दुपारीही आणि रात्रीही. घरातली मोठी माणसं म्हणतील, दूध उलटलं की घशात जाईल, कुशीवर ठेव. त्यांची भीती खोटी नाही, पण शरीराची रचना बघ. बाळ पाठीवर असतं तेव्हा श्वासनलिका वरच्या अंगाला असते आणि अन्ननलिका खाली. उलटून आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढ चढावा लागतो. पालथं घातलं की उलट होतं. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळं पाठीवर झोपवायची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या निम्म्यावर आली. औषध नाही, यंत्र नाही, फक्त झोपवायची बाजू बदलली. या बातमीने माझ्या नोकरीची पहिली वर्षं व्यापली होती, अजून तिचा विचार आला की अंगावर काटा येतो.

काही क्रिबना डोक्याकडची बाजू उचलायची सोय असते, "दूध उलटणाऱ्या बाळांसाठी" म्हणून विकतात. ती वापरू नकोस. उतारावर बाळ खाली सरकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. सपाट म्हणजे सपाट.

राईच्या उशीबद्दल आईला असं सांग: डोकं गोल व्हावं ही तुझी इच्छा बरोबर आहे, त्यासाठी उशीऐवजी दुसरा उपाय करू. बाळ जागं असताना, तुमच्या डोळ्यांसमोर, दिवसातून चार-पाच वेळा पोटावर ठेवायचं. सुरुवातीला दोन-दोन मिनिटं. आणि पलंगाच्या क्रिबमध्ये एक गोष्ट हमखास होते, बाळ सारखं आईकडेच तोंड करून झोपतं आणि डोक्याची तीच बाजू चपटी होते. म्हणून एक दिवस डोकं उशाकडे, दुसऱ्या दिवशी पायथ्याकडे असं ठेवायचं.

ठाणेकरीण | ५ मार्च, दुपारी १:०५

मावशींनी आतलं सांगितलं, मी फटीचं सांगते. माझ्या मुलीच्या वेळी हे घडलंय, म्हणून कळकळीने लिहितेय.

आमचं क्रिब चांगलं होतं. पलंगाला दोन पट्ट्यांनी बांधलेलं, गादीला गादी भिडलेली. मुलगी सात आठवड्यांची असताना एका पहाटे तीन-सव्वातीनला तिच्या कुरकुरण्याने जाग आली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर माझी गादी आणि क्रिब यांच्यात चार बोटं फट, आणि तिचा हात कोपरापर्यंत त्या फटीत गेलेला. सकाळी फरशी पुसताना क्रिब सरकवलं गेलं होतं, पुन्हा जागेवर लावताना पट्टा बकलात नुसता अडकवला, ओढला कोणीच नाही. रात्रभर मी कूस बदलत होते तशी गादी आणि क्रिब एकमेकांपासून लांब जात राहिले.

तिला काही झालं नाही. पण त्या फटीत हाताऐवजी डोकं गेलं असतं, हे मी पुढे कित्येक रात्री डोळ्यांसमोरून काढू शकले नाही.

त्यानंतर मी नेलपॉलिशने दोन्ही पट्ट्यांवर खूण केली. पट्टा पूर्ण ताणलेला असताना खूण बकलाच्या बरोबर कडेला यायची. रोज रात्री दिवा मालवण्याआधी खूण बघायची, मग क्रिबला हात लावून जोरात बाहेर ओढायचं. हललं तर पुन्हा बांधायचं. चाकांचे ब्रेक लावलेत का तेही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

विकत घेताना पट्टा दुकानात स्वतः लावून बघ. तो नुसता पलंगाच्या कडेला अडकवायचा असेल तर घेऊ नकोस. गादीखालून जाऊन पलंगाच्या पलीकडच्या बाजूला पकडणारा हवा.

आणि फट दिसली की चादरीची गुंडाळी किंवा उशी त्यात कोंबायची नाही. माझ्या सासूबाईंनी प्रेमाने तेच सुचवलं होतं. गुंडाळी दबते, सुटते, आणि मग फट आणि मऊ कापड दोन्ही बाळाच्या तोंडाशी.

रंधा | ५ मार्च, रात्री ९:३०

मी कोल्हापुरात फर्निचरचं काम करतो, तेवीस वर्षं झाली. ताई, तुमच्या दोन पलंगांवरच बोलतो.

आधी टेप घ्या. जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत उंची मोजा, पण गादीवर तुम्ही बसलेल्या असताना. फोमची गादी दाबून तीन-चार सेंमी खाली जाते आणि रात्री तीच उंची खरी असते. मग क्रिबच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात ते किती ते किती उंचीच्या पलंगाला बसतं ते बघा. आकडा लिहिलेलाच नसेल तर ते क्रिब सोडून द्या.

बॉक्सच्या बेडची मोठी अडचण पायांची. या क्रिबचे पाय पलंगाच्या खाली सरकतात, तेव्हाच ते गादीला भिडतं. बॉक्सचा बेड जमिनीपर्यंत बंद, पाय जाणार कुठे? ते बेडच्या प्लायला आपटून थांबतात आणि वर वीतभर जागा राहते. पलंगाच्या बाजूचे पाय आत दुमडता येतात असंच मॉडेल बघा.

दुसरं, बॉक्सच्या बऱ्याच बेडना चारी बाजूंनी लाकडी कड असते, गादी त्या कडेच्या आत बसते. कड दीड-दोन इंचांची असली तर क्रिब कडेला भिडलं तरी गादीपासून तेवढं लांबच. कड गादीच्या तळापेक्षा खाली असेल तर गादी क्रिबकडे सरकवता येते, पलीकडे जी जागा उरेल ती तिथे लाकडी पट्टी ठोकून बुजवायची, म्हणजे गादी परत सरकणार नाही. कड उंच असेल तर जोडणी विसरा. क्रिबची चौथी बाजू वर करून, पलंगाशेजारी स्वतंत्र ठेवा. तेही सुरक्षितच आहे, फक्त हात थोडा लांब करावा लागेल.

आता घरचा पाळणा. जुनं सागवान मला जीव की प्राण, त्यामुळे तो टाका असं मी म्हणणार नाही. पण दोन गोष्टी तपासा. गजांमधलं अंतर ६ सेंमीच्या आसपासच हवं. थंड पेयाचा साधा कॅन गजांमधून आरपार गेला तर अंतर जास्त. बाळाचं शरीर निसटतं आणि डोकं अडकतं. दुसरं म्हणजे रंग. घरगुती रंगातलं शिसं दहा लाखांत ९० भागांवर आणायचा नियम आपल्याकडे २०१६ चा, लागू झाला नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडा घासू नका, धूळ घरभर होते आणि तीच विषारी. आणि तुमच्या पोटात बाळ असताना तुम्ही त्या खोलीतही थांबू नका.

वर्धाकाठ | ६ मार्च, सकाळी ११:२०

राग मानू नका, पण हे सगळं वाचून जीव दडपला. आमच्या घरी तीन पिढ्या आईच्या कुशीत, जमिनीवर गादी टाकून झोपल्या. बाळ आईच्या श्वासावर वाढतं असं आजी म्हणायची. दहा-बारा हजार घालून सहा महिन्यांची वस्तू घ्यायची, आणि ज्यांना परवडत नाही त्या बाईने रात्रभर अपराधी वाटून घ्यायचं का?

सिस्टरमावशी | ६ मार्च, दुपारी ४:००

वर्धाकाठ, अपराधी वाटायचं काहीच कारण नाही, आणि तुमचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आजीची जमिनीवरची गादी कापसाची, पिंजून घट्ट भरलेली, पातळ असायची. पडायला उंची नाही, रुतायला मऊपणा नाही. आज आपण बाळ झोपवतो ते नऊ इंची फोमवर, दोन जाड उशा आणि एका डबल ब्लँकेटच्या मध्ये. शेजारी आई सिझेरियननंतर गुंगी आणणारी गोळी घेऊन झोपलेली. तेव्हाची कुस वेगळी होती.

क्रिब परवडत नसेल तर जमिनीवर आईची गादी, आणि तिच्या बाजूला बाळाची वेगळी, टणक, सपाट छोटी गादी. भिंतीपासून लांब, म्हणजे भिंत आणि गादीत अडकायला नको. पैसे शून्य. बाळ खोलीत आहे, हाताच्या अंतरावर आहे, त्याची जागा वेगळी आहे. क्रिबही याच तीन गोष्टी देतं.

मात्र काही घरांत एका गादीवर झोपणं अजिबात नको: बाळ वेळेआधी जन्मलेलं किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल, घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, झोपणाऱ्याने दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल. आणि सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला छातीशी घेऊन डुलकी लागणं सगळ्यात घातक. पाजताना डोळे मिटणार असं वाटलं तर सोफ्यापेक्षा पलंग बरा, आणि जाग आली की बाळ त्याच्या जागी.

साडीच्या झोळीबद्दल विचारायच्या आत सांगते. झोळीत बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीला टेकते. पहिल्या महिन्यांत रात्रीच्या झोपेसाठी नको.

थेम्सकाठ | ६ मार्च, रात्री ११:५०

आमचा मुलगा लंडनजवळ जन्मला, आता दीड वर्षाचा आहे. इथे अशा क्रिबसाठी युरोपीय मानक आहे, ईएन ११३०, त्याची २०१९ ची आवृत्ती. तिच्यात एक गोष्ट आहे जी भारतात खरेदी करतानाही कामाची आहे. बाजू खाली केली तरी ती पूर्ण सपाट होता कामा नये. बाळाच्या गादीपासून किमान १२ सेंमी उंचीचा अडसर राहिलाच पाहिजे. त्या अडसराची वरची कड आणि आईच्या गादीचा पृष्ठभाग एका पातळीत. म्हणजे बाळ आईच्या गादीवर लोळत येणार नाही आणि आईचं पांघरूण, उशी किंवा हात सहज आत घसरणार नाही. आम्हाला आधी वाटायचं की एकसलग सपाट हवं, तेच जास्त प्रेमाचं दिसतं. ते चूक होतं.

यावरून आणखी एक. सोबत आलेली गादी हाताला कडक लागते म्हणून लोक वर दुसरी मऊ गादी टाकतात. दोन इंचांची टाकली की १२ सेंमीतले ५ गेले. सोबत आलेलीच वापरायची. तळवा दाबून उचलला की खळगा लगेच भरला पाहिजे, आणि गादी व बाजू यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको.

किती दिवस वापरायचं, तर आमच्या क्रिबवर ९ किलो लिहिलं होतं. पण वजनाच्या खूप आधी, साडेचार महिन्यांचा असताना, तो हातांवर छाती उचलायला लागला आणि त्याच दिवशी बायकोने क्रिब बंद केलं. तो दिवस सांगून येत नाही, म्हणून पुढची मोठी कॉट आधीच बघून ठेवा.

पारसिपनी | ७ मार्च, सकाळी ६:१०

न्यू जर्सीहून. तुमच्यापैकी कोणाला इकडच्या नातेवाइकांनी "आमचं वापरलेलं घेऊन येतो" म्हटलं तर दोन मिनिटं थांबा. इकडे २०१९ साली फिशर-प्राइसच्या रॉक एन प्ले या तिरक्या झोपाळ्याचे सुमारे ४७ लाख नग परत मागवले गेले, बाळं दगावल्यानंतर. मे २०२२ मध्ये कायदाच आला: दहा अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची साधनं आणि क्रिबला आतून लावायच्या त्या मऊ पट्ट्या विकायला आणि बनवायला बंदी. रानजाईला दुकानदार ज्या प्रेमाने देतोय त्याच पट्ट्या. बाजू खालीवर सरकणारी जुनी मोठी क्रिब तर २०११ पासून बंद आहेत. पण लोकांच्या तळघरात हे सगळं अजून आहे आणि सामानात भरून भारतात येतं.

माझ्या नणंदेला मीच एक पाठवणार होते. मॉडेलचा नंबर अमेरिकी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या संकेतस्थळावर टाकला तर ते परत मागवलेलं निघालं. तोडून कचऱ्यात टाकलं, कोणी उचलून नेऊ नये म्हणून.

वापरलेलं घ्यायचंच तर सगळे स्क्रू, दोन्ही पट्टे आणि माहितीपत्रक सोबत हवं. एक पट्टा हरवलाय, नाडीने बांधू, असं चालत नाही.

मांडवी | ७ मार्च, दुपारी २:४५

गोव्याहून लिहिते. मे-जूनमध्ये बाळ म्हणजे डास, आणि यावर कोणी बोललं नाही. छत्रीसारखी उघडणारी छोटी मच्छरदाणी क्रिबमध्ये ठेवली तर कापड बाळाच्या तोंडावर येतं, आणि एक बाजू उघडी म्हटल्यावर ती बसतही नाही. आम्ही छताला चार हुक मारून पलंग आणि क्रिब दोन्हींवरून एकच मोठी मच्छरदाणी सोडली. डबल बेडची पुरत नाही, एक माप मोठी घ्या. कडा क्रिबच्या बाहेरच्या बाजूने खाली घेऊन पायांशी खोचायच्या, आत लोंबता कामा नयेत.

आमच्या दमट हवेत क्रिबच्या गादीच्या खालच्या बाजूला पावसाळ्यात बुरशी धरली. दर दोन दिवसांनी उभी करून वारा द्या.

उकाड्याचंही सांगते. पंखा लावला तर बाळाला वारा बाधतो म्हणून आमच्याकडे टोपरं, मोजे, दोन दुपटी. डॉक्टरनी सगळं काढायला लावलं. बाळ जास्त तापणं धोक्याचं. हात-पाय गार लागले म्हणून घाबरायचं नाही, मानेच्या मागे हात लावून बघायचं. तिथे घाम असेल तर एक कपडा कमी. घरात झोपताना टोपरं नाहीच.

सिस्टरमावशी | ७ मार्च, संध्याकाळी ६:३०

मांडवीशी पूर्ण सहमत. त्यात एक भर. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात काळा दोरा बांधतात. गळ्यात काही नको, झोपेत तर नाहीच. क्रिबच्या वर लटकणाऱ्या खेळण्याची दोरीही नको.

रानजाई | ९ मार्च, रात्री ९:००

सगळ्यांचे किती आभार मानू. रंधादादा, टेप घेऊन बसले. पुण्याचा बेड: गादीच्या वर ५१ सेंमी, मी बसल्यावर ४७. लाकडी कड आहे, पण गादीच्या खाली दोन बोटं, म्हणजे गादी सरकवता येईल. बाबांना फोन करून सांगलीचा मोजायला लावला: ७३ सेंमी! आई बसल्यावर ७०. मला आवडलेल्या क्रिबवर ४२ ते ६० लिहिलंय. सागवानी पलंगाला ते लागणार नाही.

बाबा म्हणाले, पलंगाचे पाय कापू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आजोबांचा पलंग आहे तो.

रंधा | ९ मार्च, रात्री ९:४०

कापायला लावू नका ताई! आणि क्रिबखाली विटा किंवा ठोकळे लावून उंची वाढवायचाही विचार नको, ते कलंडतं. घरात दुसरी बुटकी कॉट असेल तर बघा. तीन महिने तिथे झोपा.

रानजाई | २४ मे, पहाटे ४:५०

धागा वर आणतेय. बाळ काल एक महिन्याचं झालं. मुलगी आहे. सिझेरियन झालं.

मागच्या खोलीत आत्याची लोखंडी कॉट होती, वर काथ्याची गादी, बसल्यावर ५० सेंमी. तिथेच मुक्काम केला. लोखंडी चौकटीला पट्टा इतका पक्का बसलाय की बाबांनी दोन्ही हातांनी ओढून बघितला. ठाणेकरीण ताई, नेलपॉलिशची खूण केली आहे, लाल. दिवा घालवण्याआधी ती बघायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय.

पहिले आठ-दहा दिवस टाक्यांमुळे उठून बसतानाच जीव जायचा. तेव्हा अडसरावरून हात टाकला की तिची छाती तळव्याखाली यायची, वर-खाली होताना कळायची. तेवढ्यावर मी परत झोपू शकायचे. पाजून झालं की दोन्ही हातांनी उचलून पलीकडे, पाठीवर. कधी पाजता पाजता डोळा लागला तर आई उठवते.

घरच्या पाळण्याच्या गजांतून कॅन आरपार गेला. पण बारसं त्यातच झालं. फुलं लावली, बायकांनी पाळणा म्हटला, आत्या कानात नाव सांगून गेली, सगळा वेळ आई गजाला धरून उभी होती. कार्यक्रम संपला की बाळ उचललं. राईची उशी आईने उकलली आणि राई डब्यात भरली. तिला मी पाठीवर झोपवण्याचं कारण श्वासनलिकेचं चित्र काढून सांगितलं होतं, आता भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तीच समजावते.

एक विचारायचं राहिलं. जुलैअखेर पुण्याला जाणार. तोवर ती तीन महिन्यांची होईल. बॉक्सच्या बेडला पट्टा नेमका कुठून घ्यायचा? हायड्रॉलिक झाकण उघडताना तो मध्ये येईल ना?

रंधा | २४ मे, सकाळी ८:२०

अभिनंदन ताई, लेकीला आशीर्वाद. पट्टा झाकणाला बांधू नका, झाकण वर गेलं की क्रिबही ओढलं जाईल. पट्टा गादीच्या खालून आणि झाकणाच्या वरून आडवा न्यायचा, पलीकडे बेडच्या कडेवरून खाली उतरवून त्याची पकड बेडच्या बाजूच्या प्लायला. आणि तेवढे महिने ते झाकण उघडायचंच नाही. आतलं लागणारं सामान जाण्याआधी मिस्टरांना काढून ठेवायला सांगा. पाय दुमडल्यावर क्रिब पुढेमागे डुगडुगतं का तेही आधी रिकामं असताना बघायला सांगा, आणि गादी सरकवल्यावर पलीकडे किती जागा उरते ते मोजून मला इथे लिहा. पट्टी किती जाडीची लागेल ते सांगतो.